तिच्या शेऱ्यांचे सात कागद

बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका आईचं पत्र आलंय. मुलगी महाराजा सयाजीराव विद्यापीठात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऑगस्टपासून ती इंटरनेटवरच्या एका लेखक-मंडळात रात्री जागून अनोळखी लोकांच्या इंग्रजी कथा-कादंबऱ्या वाचते आणि त्यांवर पानंच्या पानं लिहिते. पैसे नाहीत, प्रमाणपत्र नाही. ‘मला कथा-कादंबऱ्यांची संपादक व्हायचंय, सीए नाही करायचं,’ म्हणते. आई विचारतात, याला शिक्षण म्हणायचं की रिकामटेकडेपणा? सोबत मुलीच्या परवानगीने तिच्या शेऱ्यांचे सात छापील कागद जोडलेत.

ताई, नमस्कार.

आधी त्या सात कागदांबद्दल, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यांतच आहे. तुम्ही लिहिलंय की कथा पाठवायला तिने साफ नकार दिला, फक्त शेरे दिले. शाबास तिची. दुसऱ्याचं न छापलेलं लेखन मंडळाबाहेर न्यायचं नाही, ही या धंद्यातली पहिली अब्रू आणि ती तिला न शिकवता कळलीय.

पहिला कागद ऑगस्टचा. ‘कथा आवडली, वर्णन छान, शेवट थोडा अपेक्षित वाटला.’ खाली व्याकरणाच्या चौदा चुका. असा शेरा कुणीही लिहील. लेखकाला त्याचा काडीचा उपयोग नाही. सातवा कागद मार्चचा. मूळ इंग्रजी, मी मराठीत सांगते. तिसऱ्या पानावर ती अडखळली, कारण एकाच परिच्छेदात तीन पुरुष आहेत आणि तिघांनाही ‘तो’ म्हटलंय. पाकीट कुणी कुणाला दिलं हे कळायला तिला दोनदा मागे जावं लागलं. बहीण पहिल्या पानावर डावखुरी आहे आणि अकराव्या पानावर उजव्या हाताने सही करते: ‘हे मुद्दाम असेल तर वाचकाला एखादी खूण द्या, चूक असेल तर आत्ताच पकडा.’ आणि शेवटी: ‘आई गेल्यावर तुम्ही तीन ओळी दुःखाचं वर्णन करता. तिथे मी कथेतून बाहेर आले. तिचा चष्मा अजून टीव्हीवरच आहे, त्या ओळीलाच माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.’

आठ महिन्यांत एवढा फरक मी वर्गात बसून शिकणाऱ्या मुलांतही क्वचित पाहिलाय.

हा फरक कशाने पडला, तेही बघा. अशा मंडळांची रीत इंटरनेटपेक्षा बरीच जुनी आहे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाची लेखन-कार्यशाळा 1936 सालची. 1956 मध्ये पेन्सिल्वेनियातल्या मिलफर्ड या गावी विज्ञानकथा लिहिणारे जमू लागले, आणि त्यांच्या नावाने एक शिस्त रूढ झाली: सगळे पाळीपाळीने बोलणार, तोवर ज्याची कथा तो गप्प बसणार. (आपल्याकडे कथावाचनाच्या बैठकीत हे करून पाहावं. लेखक दुसऱ्या मिनिटाला ‘मला त्यात असं म्हणायचंय’ सुरू करतो.) ‘क्रिटर्स’ ही इंटरनेटवरची कार्यशाळा 1995 पासून चालते. तिथे आपलं लेखन पुढे जायला हवं असेल तर साधारण चारातल्या तीन आठवड्यांत तरी दुसऱ्या कुणाच्या लेखनावर अभिप्राय द्यावा लागतो. ‘क्रिटिक सर्कल’ 2003 सालचं. तिथे अभिप्राय देऊन क्रेडिट कमवायचे आणि आपली कथा टाकताना ते खर्चायचे. भिशीच म्हणा ना. आधी घालायचं, मग आपला नंबर.

यात शिकायला मिळतं ते कच्चं लेखन वाचून. छापलेल्या पुस्तकात डागडुजी झालेली असते, रंग दिलेला असतो. भिंतीला ओल कुठे होती ते कळत नाही. इथे ओल समोर दिसते. शिवाय त्याच प्रकरणावर आणखी पाच जण काय म्हणतात तेही वाचता येतं. तिघे एकाच जागी अडखळले तर तिथे काहीतरी आहे हे नक्की. उपाय मात्र तिघे तीन सांगतात, आणि बहुतेकदा तिन्ही चुकीचे असतात. दुखतं कुठे ते पेशंट बरोबर सांगतो, पण म्हणून औषधाची चिठ्ठी त्याने लिहायची नसते.

इथपर्यंत मी तुमच्या मुलीच्या बाजूने. आता तिला न आवडणारं. मंडळात ती जे करते ते चोख वाचन आहे, संपादन नव्हे. तिने आठ महिन्यांत बहुधा पन्नासेक सुटी प्रकरणं वाचली असतील. एक कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तिच्या अंगावर पडलेली नाही. संपादकाकडे तीनशे पानं येतात आणि सोबत तारीख येते. आधी रचना बघायची: हे पात्र हवं का, सातवं प्रकरण तिसऱ्याच्या जागी जाईल का. मग ओळ न् ओळ. मग कॉपी एडिटिंग, म्हणजे पात्रांची नावं, वयं, वार, तारखा, शब्दांची रूपं यांची यादी करून सगळं एकमेकांशी जुळतंय ना ते तपासणं. छपाईच्या आधी मुद्रितशोधन, म्हणजे प्रूफं तपासणं. आणि हे सगळं करूनही पुस्तक लेखकाचंच राहिलं पाहिजे.

या शेवटच्या गोष्टीत मी स्वतः तोंडावर आपटलेय. तरुणपणी एका दिवाळी अंकासाठी मुद्रितं तपासत होते. बडोद्याच्याच एका लेखकाची कथा होती. त्यातली आजी हिंचक्यावर बसून ‘आज शाक काय केलंय?’ विचारायची. मी इमानेइतबारे हिंचक्याचा झोपाळा केला, शाकाची भाजी केली आणि फोईची आत्या. अंक निघाल्यावर लेखकाचा फोन आला: ‘माझी आजी पुण्याला कधी हलवलीत?’ माझ्या दुरुस्त्यांत व्याकरणाची एकही चूक नव्हती. साहित्य महामंडळाचे 1962चे चौदा आणि 1972चे चार, असे शुद्धलेखनाचे अठरा नियम मला पाठ होते. तुमच्या मुलीनेही करावेत. पण कथेतली आजी ते अठरा नियम पाळून बोलत नाही, हे मला त्या फोनने शिकवलं.

म्हणूनच मला वाटतं, तिने फक्त इंग्रजीत अडकू नये. इंग्रजीत मैदान मोठं आहे, तशी गर्दीही जगभरची. तिच्याकडे घरातली मराठी, रस्त्यावरची गुजराती आणि अभ्यासाची इंग्रजी आहे. अनुवादाचं हस्तलिखित मुळाशी ताडून बघणारे लोक फार थोडे. बडोद्याला हे काही नवं नाही. सयाजीरावांच्या साहित्यमालेत गुजरातीत आणि मराठीत पुस्तकं निघाली, त्यांत अनुवाद पुष्कळ. बडोद्याच्या मराठी वाङ्मय परिषदेने 2018 मध्ये 91वं साहित्य संमेलन तिथेच भरवलं. तिथल्या माणसांना जाऊन भेटावं, मुद्रितं तपासायला मागावीत. आपल्याकडे मंडळं नव्हती तेव्हाही हे काम होतच होतं. मुंबईत गिरगावच्या खटाववाडीत ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकाच्या हस्तलिखितावर तपशीलवार सूचना करत. ‘सत्यकथा’ 1982 मध्ये बंद पडलं, पण तसा संपादक मिळावा असं लेखक अजून म्हणतात.

पैशाचं सरळ सांगते. मराठी प्रकाशनात पूर्ण वेळ पगारी संपादक बोटांवर मोजण्याइतके. बाकी काम पानावर किंवा शब्दावर, आणि सुरुवातीला मुद्रितशोधनाचंच मिळतं. त्यातलं स्पेलिंग-व्याकरण आता सॉफ्टवेअर खातंय. सातव्या कागदावर आहे ते माझ्या मते इतक्यात खाणार नाही, पण त्यावर घर चालायला काही वर्षं जातील. तेव्हा बी.कॉम. पूर्ण करायचं, यात चर्चा नको. बिल आणि कराराची कलमं समजणारा संपादक मी फार कमी पाहिलाय. सीए मात्र ‘हाताशी असावं’ म्हणून करायची गोष्ट नाही. मन नसेल तर लादू नका. पदवीनंतर कोलकात्यात सीगल या प्रकाशनसंस्थेचं प्रकाशन-शिक्षण आहे, जादवपूर विद्यापीठाचा संपादन-प्रकाशनाचा पदविका अभ्यासक्रम आहे, त्यांची चौकशी तेव्हा करू.

जागरणाबद्दल तुमचा राग रास्त आहे. अभिप्राय लेखी असतात, ते सकाळी सहालाही लिहिता येतात.

परीक्षा संपली की तिने मंडळातल्या एकाच लेखकाची पूर्ण कादंबरी मागून घ्यावी. आधी नुसती वाचावी, पेन न उचलता. दुसऱ्या वाचनात पात्रं, वयं आणि वार यांची यादी करावी. मग लेखकाला एक पत्र लिहावं, त्याला चालत असेल तर त्याची प्रत मलाही पाठवावी. तीन पानांच्या वर गेलं तर न वाचता परत पाठवीन, हे तिला आधीच सांगून ठेवा.