बफेल गवत बहुवर्षायू आहे का आणि ते कुठे कुठे पसरले आहे?

हो, बहुवर्षायू आहे. आपल्याकडे चाऱ्यासाठी लावतात ते अंजन गवत म्हणजेच हे. आफ्रिका, अरबस्तान ते भारत हा त्याचा मूळ प्रदेश, आणि तिथे ते उपद्रवी मानले जात नाही. उपद्रव सुरू झाला तो ते बाहेर नेल्यावर. ऑस्ट्रेलियात १९व्या शतकात उंटांच्या खोगिरांत भरलेल्या गवतातून त्याचे बी पोहोचले, अमेरिकेत आणि मेक्सिकोत चारा म्हणून मुद्दाम पेरले गेले. कोरडा, उष्ण प्रदेश, खडकाळ उतार, रस्त्यांच्या कडा इथे ते झपाट्याने पसरते. कडाक्याची थंडी मात्र सोसत नाही.

सगळ्यात वाईट अवस्था अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या सोनोरन वाळवंटाची. तिथली झाडे एकमेकांपासून दूर वाढतात, त्यामुळे आग पसरायला वाव नसायचा. हे गवत मधल्या मोकळ्या जागा भरून टाकते, वाळले की भडकते, आणि आगीनंतर मुळापासून पुन्हा फुटते. शंभर-दीडशे वर्षे जगणारे सग्वारो निवडुंग त्या आगीत मरतात, हे फार क्लेशदायक आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याने २००५ मध्ये या गवताला घातक तण ठरवले. नुसते कापून उपयोग नाही, ठोंब मुळासकट उपटावा लागतो.