ठरावीक काम, ठरावीक मोबदला

प्रश्न : मी स्वतंत्रपणे संकेतस्थळे बनवून देतो आणि तासाप्रमाणे पैसे घेतो. ग्राहक प्रत्येक तासाचा हिशेब मागतात, शिवाय काम संपल्यावरही बदल सुचवत राहतात. सेवा पॅकेज स्वरूपात, म्हणजे ठरावीक कामासाठी एकच ठरलेली रक्कम घेऊन, द्यावी का?

उत्तर : द्यावी, मात्र ज्या कामाचा आवाका आधीच नेमका सांगता येतो, त्याच कामासाठी. नव्या संकेतस्थळाची उभारणी किंवा मासिक देखभाल पॅकेजमध्ये चांगली बसते. दुसऱ्याने लिहिलेल्या जुन्या प्रणालीतील दोष शोधण्याचे काम बसत नाही. तिथे आधी सशुल्क पाहणी करावी आणि मगच आकडा सांगावा.

पॅकेजचा खरा कणा म्हणजे कामाची लेखी व्याप्ती. काय मिळेल याइतकेच काय मिळणार नाही हेही तीत लिहावे : मजकूर कोण पुरवणार, दुरुस्तीच्या फेऱ्या किती आणि कोणत्या चाचण्या पार पडल्या म्हणजे काम स्वीकारले गेले असे मानायचे. त्यापलीकडची मागणी आली, तर ती नाकारण्याची गरज नाही. वाढीव खर्च आणि मुदत लेखी कळवून मंजुरी घ्यावी. तुमच्या कामातील दोष मात्र ठरावीक काळ विनामूल्य दुरुस्त करून द्यावेत. दोष आणि नवी मागणी यांतला फरक करारातच स्पष्ट केलेला बरा, कारण ग्राहकाच्या नजरेला दोन्ही सारखेच दिसतात.

डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) आणि होस्टिंग (संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर ठेवले जाते ती सेवा) सुरुवातीपासून ग्राहकाच्याच नावावर असावे. पासवर्ड ईमेलने न पाठवता पासवर्ड मॅनेजरमधून (पासवर्ड सुरक्षित साठवणाऱ्या ॲपमधून) द्यावेत आणि सोर्स कोडचे (संकेतस्थळासाठी लिहिलेल्या मूळ प्रोग्रामचे) हक्क अखेरचा हप्ता मिळाल्यावरच हस्तांतरित होतील, असे करारात नमूद करावे.