उजव्या पानावर काय लिहायचे?

समुपदेशक म्हणून काम करताना गेल्या काही वर्षांत माझ्यासमोर बसलेल्या इतक्या पालकांनी ‘मॅडम, परवा एक संशोधन वाचलं’ अशी सुरुवात केली आहे की, पुढचा प्रश्न आता मला आधीच ऐकू येतो. अमुक विद्यापीठाने असे सिद्ध केले आहे, मग माझ्या मुलाचे काय होणार? विषय कधी मोबाइलचा असतो, कधी झोपेचा, तर कधी लहानपणी मुलाशी पुरेसे न बोलल्यामुळे त्याचा शब्दसंग्रह तोकडा राहिल्याचा. विषय बदलला तरी भीती तीच असते. असे विचारणारे पालक बहुधा भरपूर वाचणारे आणि मुलांवर जीव टाकणारे असतात. म्हणूनच ‘मग वाचूच नका’ हा सल्ला मला कधीच पटला नाही. त्यांच्यापैकी एका आईची हकीकत, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटवणारे तपशील बदलून, येथे सांगते आहे.

पहिल्याच भेटीत त्यांनी पिशवीतून एक जाड वही काढून टेबलावर ठेवली. प्रत्येक डाव्या पानावर एकेक कात्रण चिकटवलेले, कोपऱ्यात तारीख घातलेली आणि काही शब्दांखाली लाल शाईची दुहेरी रेघ ओढलेली होती. ‘दुप्पट धोका’, ‘कायमस्वरूपी परिणाम’, ‘मेंदूच्या वाढीवर’ असे ते शब्द होते. डिंकामुळे पाने इतकी फुगली होती की वही मिटत नव्हती. उजवी पाने मात्र झाडून सगळी कोरी होती.

मी विचारले, “या बाजूला काय लिहायचं ठरवलं होतं?”

“उपाय,” त्या म्हणाल्या. “पण पेन हातात घेतलं की वाटतं, आता उशीर झालाय.”

त्यांचा मुलगा नऊ वर्षांचा होता. शाळेची त्याच्याबद्दल तक्रार नव्हती, त्याला मित्र होते आणि त्याची भूक, झोप सगळे ठीक होते. झोप उडाली होती ती आईची.

सुरुवातीच्या काही भेटी आम्ही ती वहीच वाचण्यात घालवल्या. सर्वांत जुने कात्रण अभिजात संगीताने बाळाची बुद्धी वाढते असे सांगणारे होते, आणि मुलाच्या लहानपणी आपण घरात असे संगीत लावले नाही ही खंत त्यांनी इतकी वर्षे बाळगली होती. या दाव्याचे मूळ १९९३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत झालेल्या एका छोट्या प्रयोगात आहे. त्यात बाळे नव्हतीच, महाविद्यालयात शिकणारे ३६ विद्यार्थी होते. दहा मिनिटे मोझार्ट या पाश्चात्त्य संगीतकाराचे संगीत ऐकल्यावर आकृत्यांच्या कोड्यांमध्ये त्यांची कामगिरी थोडी सुधारली आणि दहा-पंधरा मिनिटांत तो परिणाम ओसरला. तरीही १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी तिथल्या नवजात बाळांना संगीत पुरवण्यासाठी १,०५,००० डॉलरची मागणी केली. प्रयोगशाळेतून निघालेली गोष्ट पाळण्यापर्यंत पोहोचेतो किती बदलते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

दुसऱ्या कात्रणाशी येताच त्यांचे डोळे भरून आले. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस लहान मुलांवर एक प्रयोग सुरू केला होता. समोर ठेवलेला गोड पदार्थ लगेच न खाता थांबलात तर दुप्पट मिळेल, असे मुलांना सांगितले जाई. जी मुले थांबू शकली, त्यांना पुढे मोठेपणी परीक्षेत चांगले गुण मिळाल्याचे १९९० मध्ये प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून हा प्रयोग घराघरात पोहोचला. या आईंनी तो स्वतःच्या चार वर्षांच्या मुलावर करून पाहिला होता.

“एक मिनिटसुद्धा थांबला नाही हो तो. त्या दिवसापासून मी त्याच्याकडे वेगळ्याच नजरेनं बघते.”

मी त्यांना पुढची गोष्ट सांगितली. २०१८ मध्ये वॉट्स, डंकन आणि क्वान या तिघा संशोधकांनी ९०० हून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या. तेव्हा हा संबंध मूळ दाव्याच्या जेमतेम निम्मा निघाला, आणि कुटुंबाची परिस्थिती, घरचे वातावरण व मुलाची आधीची आकलनक्षमता हिशेबात धरल्यावर त्यातलाही सुमारे दोन तृतीयांश भाग गळून पडला. त्या बराच वेळ त्या कात्रणाकडे पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “म्हणजे पाच वर्षं मी त्याला नापास ठरवलं होतं.”

मोबाइलबद्दलच्या कात्रणांनी अर्धी वही व्यापली होती. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये ३,५५,३५८ किशोरवयीन मुलांची माहिती एकत्र तपासली होती. एका मुलाचे मानसिक स्वास्थ्य आणि दुसऱ्याचे यांत जो फरक दिसतो, त्यातला जास्तीत जास्त ०.४ टक्के भाग डिजिटल साधनांच्या वापराशी जुळतो, असे त्यांना आढळले. चष्मा वापरण्याचा स्वास्थ्याशी दिसणारा प्रतिकूल संबंधही त्याहून मोठा निघाला. याचा अर्थ मुलाच्या हाती रात्रभर मोबाइल द्यावा असा होत नाही. तो झोपेच्या वेळेत घुसत असेल तर जरूर आवरावा, कारण सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते, यावर निद्राविकारतज्ज्ञांचे एकमत आहे.

इथवर आल्यावर एक वळण हमखास येते, तसे ते आले. पुढच्या भेटीत त्या रागातच आत आल्या. “म्हणजे सगळं खोटंच! मी आजपासून काही वाचणार नाही.” अशा वेळी मान डोलावणे समुपदेशकाला सोपे असते, पण मी त्यांना अडवले. एके काळी बाळांना पालथे झोपवण्याचा सल्ला सर्रास दिला जाई. त्याने झोपेतल्या आकस्मिक मृत्यूंचा धोका वाढतो हे निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांत पुनःपुन्हा दिसले, ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली बाळांना उताणे झोपवण्याची मोहीम निघाली, आणि असे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. हेही संशोधनच आहे आणि त्याने असंख्य बाळांचे प्राण वाचवले आहेत. सगळ्यावर विश्वास ठेवणे आणि कशावरच न ठेवणे, या दोन्ही टोकांना पारखण्याचे कष्ट टळतात.

पारखायचे कसे, हे मी प्रत्येक पालकाला सांगते. ज्यांच्यावर अभ्यास झाला ते कोण होते, कोणत्या वयाचे होते आणि किती होते, हे आधी पाहावे. दुसऱ्या कुणाला तोच निष्कर्ष मिळाला का, हे पाहावे. आणि ‘दुप्पट’ हा शब्द दिसला की ‘कितीची दुप्पट?’ असे हटकून विचारावे. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये काही गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो असा इशारा दिला गेला. प्रत्यक्षात ७,००० स्त्रियांमागे एकीला असणारा धोका दोघींना झाला होता, पण घाबरून अनेकींनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे १३,००० जादा गर्भपात झाल्याचा अंदाज आहे. आकडा खरा होता, पण तो कशाच्या तुलनेत आहे हे स्त्रियांना कुणी सांगितलेच नाही.

हे सगळे त्या आईंना पटले, तोंडपाठही झाले. तरीही त्यांची झोप परतली नाही. प्रत्येक भेटीला वहीत नवे कात्रण असेच. माझ्या ध्यानात आले की मी त्यांच्या कात्रणांना उत्तरे देते आहे, त्यांना नाही. पुढच्या भेटीत मी वही उघडलीच नाही. तिच्यावर हात ठेवून विचारले, “ही वही तुम्ही नेमकी कुणाला दाखवण्यासाठी ठेवली आहे?”

त्या गोंधळल्या. मग त्यांच्या बोटांनी वहीचा फुगलेला कोपरा चाचपायला सुरुवात केली. मी बोलले नाही. समुपदेशनात मौन पेलणे हे मला पुष्कळ उशिरा साधलेले कौशल्य आहे, आणि त्या दिवशी ते कामी आले याचे समाधान आजही वाटते. दोन-तीन मिनिटांनी त्या बोलू लागल्या. मुलगा सातव्या महिन्यात जन्मला होता. त्याला काचेच्या पेटीत ठेवले होते आणि बाहेरच्या बाकावर त्या बसून होत्या. तेव्हा कुणीतरी कागद भरता भरता त्यांना विचारले होते, “काही जड उचललं होतंत का?”

“मला उत्तर देता आलं नाही. उचललंही असेल, आठवत नव्हतं. तेव्हा ठरवलं, पुन्हा कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर असलं पाहिजे.”

ती वही संशोधनाची नव्हतीच. नऊ वर्षांपूर्वीच्या एका प्रश्नापुढे मांडण्यासाठी जमवलेला तो पुरावा होता: बघा, मी सगळे वाचले होते, मी निष्काळजी नव्हते. इतक्या भेटी मी त्या पुराव्याची छाननी करत बसले होते, आणि खटला मात्र माझ्या नजरेला पडला नव्हता. मी त्यांना सांगितले की जगात दहातले सुमारे एक बाळ वेळेआधी जन्मते, २०२० मध्ये अशा बाळांची संख्या १ कोटी ३४ लाखांच्या घरात होती, आणि कितीतरी वेळा वैद्यकालाही त्याचे कारण सापडत नाही. “जो प्रश्न डॉक्टरांना सुटत नाही, त्याचं उत्तर बाकावर बसलेल्या आईकडे कसं असणार?” त्या रडल्या आणि पुष्कळ वेळ रडल्या. त्या भेटीत आम्ही दुसरे काहीच केले नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझी श्रद्धा आहे, आणि अशा अनुभवांनी ती दृढ होत गेली आहे. माणसाला घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा स्वतःचा हट्टाग्रह अधिक छळतो, असे ती सांगते. ‘माझ्या हातून चूक होऊ नये’ ही इच्छा प्रत्येक आईची असते. ‘माझ्या हातून चूक होताच कामा नये’ हा हट्ट झाला की चूक न होण्याची हमी शोधण्यासाठी विद्यापीठांचे दरवाजे ठोठावणे सुरू होते. चांगले संशोधन ही हमी कधीच देत नाही. हजारो मुलांमध्ये सरासरीने काय दिसले एवढेच ते सांगते. तुमचे मूल त्या सरासरीच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे त्याला ठाऊक नसते. ते जाणून घेण्यासाठी मुलाकडेच पाहावे लागते, आणि कात्रणात डोके खुपसून बसलेल्या पालकाला नेमके तेच जमत नाही. मुलगा हल्ली घरी आल्या आल्या ‘आज वहीत काय लावलंस?’ असे विचारतो आणि उत्तर ऐकून मगच खेळायला जातो, हे त्या आईंनी मला सहज बोलता बोलता सांगितले होते. मी ते तेव्हा हेरायला हवे होते.

त्यानंतर मी त्यांना एकच गोष्ट करायला सांगितली. कात्रणे हवी तर लावा, पण समोरच्या उजव्या पानावर त्या दिवशी मुलगा काय बोलला, काय करत होता, एवढेच दोन ओळींत लिहा. त्यात उपाय नको, निष्कर्ष नको. पहिल्या आठवड्यात पाने जवळजवळ कोरीच राहिली. त्याच्याकडे बघताना काय टिपायचे तेच सुचत नाही, असे त्या म्हणाल्या. दुसऱ्या आठवड्यात ओळी आल्या, त्याही अभ्यास आणि झोपेच्या तासांच्या. मी काही बोलले नाही. दोन महिन्यांनी त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली तेव्हा डाव्या बाजूची सलग सहा पाने रिकामी होती, आणि उजव्या पानावरची शेवटची नोंद अशी होती: “मुंग्या रांग का सोडत नाहीत यावर अर्धा तास बोलला. मला माहीत नव्हतं. दोघं जमिनीवर पालथे पडून बघत होतो.”