खरचटलं तिथेच सोरायसिस का उठतो?

प्रश्न : बरीच वर्षं माझ्या दोन्ही कोपरांवर सोरायसिस आहे. पहिल्या पावसात दादर स्टेशनच्या जिन्यावर पाय घसरून नडगी खरचटली. जखम आठवड्यात भरली. पण पुढच्या दोन आठवड्यांत नेमकी त्या ओरखड्याच्या रेषेत लाल पट्टी उठली, वर पांढरे खपले. जंतुसंसर्ग झाला, की घरी दाबलेली हळद बाधली?
– वाचक, भांडुप

उत्तर : संसर्ग असता तर जखम भरतानाच ती ठणकली असती, गरम लागली असती, पू धरला असता. भरलेल्या जागेवर दोन आठवड्यांनी ओरखड्याच्याच आकाराचा खपल्यांचा पट्टा येणं, हे सोरायसिसचंच लक्षण वाटतं. त्वचारोगतज्ज्ञाला एकदा दाखवून खात्री करून घ्या. इजा झालेल्या जागीच असा सोरायसिस उठण्याला कोब्नर परिणाम म्हणतात. हाइनरिश कोब्नर या जर्मन डॉक्टरांनी १८७०च्या दशकात तो नोंदवला. त्यांच्या रुग्णाला ओरखडे, घोड्याचा चावा आणि गोंदण, अशा जागी चट्टे उठले होते. जखमेनंतर साधारण १० ते २० दिवसांत चट्टा दिसतो, क्वचित तीन दिवसांत, तर कधी खूप उशिरा. सोरायसिसच्या सगळ्याच रुग्णांना हे होत नाही, आणि आजार जोरात असताना शक्यता जास्त असते.

आत काय घडतं ते सांगतो, कारण पुढची काळजी त्यावरच ठरते. कातडी फाटली की वरच्या थरातल्या पेशी एलएल-३७ नावाचा जंतुनाशक पदार्थ सोडतात. जखमेत मेलेल्या पेशींचा डीएनएही सांडलेला असतो. एरवी शरीर स्वतःच्या डीएनएची दखल घेत नाही. पण एलएल-३७ त्याला चिकटलं की तो डीएनए काही संरक्षक पेशींच्या आत पोचतो आणि त्या विषाणू शिरल्यासारख्या वागू लागतात, इंटरफेरॉन-अल्फा हा धोक्याचा इशारा देणारा पदार्थ सोडतात. त्याने डेंड्रिटिक पेशी, म्हणजे इतर संरक्षक पेशींना निरोप देणाऱ्या पेशी, जाग्या होऊन टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-२३ हे दाह वाढवणारे पदार्थ तयार करतात. हा निरोप मिळालेल्या टी पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) त्याच जातीचे इंटरल्यूकिन-१७ आणि २२ सोडतात, आणि त्वचेच्या पेशी भराभर वाढायला लागतात. तळाची पेशी वर येऊन गळायला एरवी महिनाभर लागतो. इथे ते काम चार-पाच दिवसांत उरकतं. अर्धवट पिकलेल्या पेशी एकमेकींना धरून राहतात, तेच खपले. याच पेशी आणखी एलएल-३७ सोडतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशींना बोलावतात आणि चक्र फिरत राहतं. खरचटल्यावर थोडंफार हे प्रत्येकाला होतं, पण जखम भरली की थांबतं. ज्यांच्यात आनुवंशिक कल आहे त्यांच्यात ते थांबत नाही. म्हणजे जखमेने आजार दिला नाही, असलेल्या आजाराला नवी जागा दिली.

हळदीने सोरायसिस झाला नाही. तरी उघड्या जखमेवर हळद, लिंबू किंवा टूथपेस्ट चोळू नका. चोळणंही इजाच आहे. पुढच्या वेळी असं करा : वाहत्या पाण्याखाली पाच मिनिटं जखम धरा, साबण फक्त कडेने. टिपून कोरडी करा, वर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, मग न चिकटणारी जाळी आणि बँडेज. चिकटपट्टी थेट कातडीवर नको. ती ओढून काढतानाही वरचा थर निघतो. सोरायसिसचं स्टेरॉइड मलम उघड्या जखमेवर लावू नका. जखम भरल्यावर चट्टा उठलाच तर डॉक्टरांनी दिलेलं मलम बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळा. हे साधारण अर्धा ग्रॅम होतं आणि बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. नडगीच्या पट्टीला याहून कमी लागेल.

पावसाळ्यात ओले कपडे अंगावर वाळवू नका. लोकलच्या गर्दीत एकाच खांद्यावर घासणारा बॅगेचा पट्टा, परकराची घट्ट नाडी, मोज्याचं इलॅस्टिक, डास चावल्यावर नखांनी खाजवणं, यांतूनही चट्टे येतात. नखं कापून ठेवा.

प्रश्न : खपले वजरीने घासून काढले तर मलम आत नीट मुरेल ना? घासल्यावर रक्ताचे ठिपके येतात.
– वाचक, लालबाग

उत्तर : वजरी बंद करा. चट्ट्याखालच्या रक्तवाहिन्या वाढलेल्या आणि अगदी वर आलेल्या असतात, त्यांच्या टोकांवरची कातडी पातळ असते. खपला उपटला की तीच टोकं उघडी पडतात. शिवाय प्रत्येक घासणं म्हणजे वर सांगितलेली इजाच. मलम मुरायला हवं हे मात्र बरोबर. अंघोळीआधी अर्धा तास खोबरेल तेल लावा, कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं अंघोळ करा, मऊ पडलेला खपला हाताने जेवढा सुटेल तेवढाच जाऊ द्या. अंग टिपून ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. खपले जाड असतील तर डॉक्टर सॅलिसिलिक ॲसिडचं मलम देतात.

प्रश्न : एका इंजेक्शनने सगळं अंग साफ झालं होतं, महिन्याने दुप्पट उठलं. पुन्हा घेऊ का?
– वाचक, कल्याण

उत्तर : नका घेऊ. असं झटपट साफ करणारं इंजेक्शन बहुधा स्टेरॉइडचं असतं. त्याचा जोर ओसरला की आजार उसळतो, कधी पू भरलेल्या पुळ्यांच्या रूपात, आणि तेव्हा रुग्णालयात दाखल करावं लागू शकतं. कागदावर औषधाचं नाव लिहून मागा. सध्या स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्या अचानक थांबवू नका, डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या. मेथोट्रेक्सेट हे सोरायसिसवरचं औषध दिलं असेल तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतल्यास जिवावर बेततं.

प्रश्न : मुलीला सोरायसिस आहे. नाक टोचावं का? पुढे अपेंडिक्सचं ऑपरेशनही करायचं आहे.
– वाचक, बोरिवली

उत्तर : नाक टोचणं थांबवता येतं, म्हणून चट्टे असेपर्यंत थांबवा. टॅटूचंही तेच. गरजेचं ऑपरेशन मात्र सोरायसिसमुळे टाळू नका. सर्जनना आजार आणि चालू औषधं आधी सांगा, छेद शक्यतो चट्ट्यावर येऊ नये आणि ड्रेसिंगला चिकटपट्टी कमीत कमी वापरावी असंही सांगा. टाक्यांच्या रेषेत महिनाभरात खपले दिसले तर टाके पिकले असं समजून घरी काही लावू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.