गाठीच्या आलेखावरून कर्करोग ठरतो का?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा आहे. मे महिन्यात देवगडच्या आमच्या बागेत आंबे काढताना तो शिडीवरून घसरला आणि त्याच्या मांडीला मुका मार बसला. तीन आठवड्यांनी त्याच जागी गाठ जाणवू लागली. आता ती ६ सेंटिमीटरची आहे. एमआरआयच्या अहवालात ‘कॉन्ट्रास्ट झपाट्याने शिरून लवकर ओसरते, घातक गाठीची शक्यता’ असे लिहिले आहे. हा कर्करोगच समजावा का? सुई घातली की तो पसरतो असे वाडीतले लोक म्हणतात. मग गाठ सरळ काढून टाकावी का? – एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : अहवालातील ‘शक्यता’ हा शब्द शब्दशः घ्यावा. या तपासणीत हाताच्या शिरेतून गॅडोलिनियम या धातूचे औषध, म्हणजेच अहवालातले ‘कॉन्ट्रास्ट’, सोडतात, दर काही सेकंदांनी त्याच जागेची चित्रे घेतात आणि गाठीची चकाकी कशी बदलत गेली याचा आलेख काढतात. घातक गाठीतील नव्या रक्तवाहिन्या घाईने रचलेल्या मातीच्या बांधासारख्या झिरपणाऱ्या असतात. त्यामुळे औषध भरकन शिरते, आणि पेशी दाटीने बसलेल्या असल्या तर त्याला साचायला जागा न मिळाल्याने ओसरूही लागते. साध्या गाठीत आलेखाची रेषा बहुधा संथपणे चढत राहते.

मात्र आलेख रक्ताची चाल सांगतो, गाठीचे नाव सांगत नाही. गळू किंवा मज्जातंतूची साधी गाठही झपाट्याने उजळू शकते. उलट बुळबुळीत द्रव्याने भरलेले काही सार्कोमा (स्नायू, चरबी, हाड अशा ऊतींचे कर्करोग) अगदी सावकाश उजळतात.

आपल्या भावाच्या बाबतीत माझे लक्ष त्या मुक्या माराकडे जाते. मार बसलेल्या स्नायूत काही वेळा हाड तयार होऊ लागते, विशेषतः तरुणांमध्ये, आणि त्या प्रक्रियेच्या सुरुवातीच्या आठवड्यांत आलेख हुबेहूब घातक गाठीसारखा दिसू शकतो. अशा वेळी साधा एक्स-रे किंवा सीटी स्कॅन उपयोगी पडतो, कारण हे हाड गाठीच्या कडेकडून आत बनत जाते आणि कडेचे ते कवच चित्रात ओळखू येते. परंतु मार लागला होता एवढ्यावरून निर्धास्तही राहू नये, कारण आधीपासून असलेली गाठ पुष्कळदा मार लागल्यावरच हाताला लागते. ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी, खोल आणि वाढती गाठ तज्ज्ञांना दाखवलीच पाहिजे.

सुईची भीती मात्र सोडावी. जाड सुईने तुकडा काढल्याशिवाय निदान पक्के होत नाही, आणि आलेखाचा खरा उपयोग इथेच होतो : गाठीचा कोणता भाग जिवंत आहे आणि कोणता नुसता रक्ताने किंवा मृत पेशींनी भरलेला आहे हे कळल्याने सुई योग्य जागी घालता येते. ती कोणत्या मार्गाने घालायची हे पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनशी बोलूनच ठरवावे, म्हणजे गरज पडल्यास तो मार्गही गाठीबरोबर काढता येतो. निदानाआधी गाठ कापून काढणे हीच खरी चूक; गाठ घातक निघाली तर दुसरी, अधिक मोठी शस्त्रक्रिया करावी लागू शकते.

परळच्या टाटा मेमोरियलसारख्या, अशा गाठी नेहमी हाताळणाऱ्या रुग्णालयात जाताना नुसता कागदी अहवाल नेऊ नका, एमआरआयची सीडीही न्या. आलेख गाठीच्या कोणत्या भागावर वर्तुळ आखून काढला होता हे तेथील डॉक्टरांना त्यातच तपासता येईल.