बाकोला जाताय? किलोमीटर नंतर मोजा, आधी भरती बघा

मागच्या अंकात बोर्निओतल्या बाको राष्ट्रीय उद्यानाचा उल्लेख मी चार ओळींत उरकला होता. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर बाकोलाच देऊन टाकते. तो अंक हुकलेल्यांसाठी थोडक्यात: मलेशियाच्या सारावाक राज्यात, कुचिंग शहरापासून मोटारीने पाऊण तास आणि पुढे होडीने, समुद्रात शिरलेलं सुमारे २७ चौरस किलोमीटरचं टोक. १९५७ साली राखीव झालेलं, सारावाकमधलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान. खारफुटी, पुळण, सदाहरित रान आणि वर उघडं कातळपठार, सगळं पायी फिरण्याच्या अंतरात.

प्रश्न: आम्ही पाच मित्र, राजगड-तोरणा एका दिवसात करणारे. नकाशावर बाकोची लिंतांग फेरी जेमतेम सहा किलोमीटरची दिसते, बाकीच्या बऱ्याच वाटा तर त्याहून छोट्या. सकाळी कुचिंगहून जाऊन संध्याकाळपर्यंत चार-पाच वाटा व्हायला हरकत नाही ना? मुक्कामाचा खर्च कशाला? (पिंपरी)

होणार नाहीत, आणि त्यात तुमच्या पायांचा काही दोष नाही. बाकोला रस्ताच जात नाही. बाको गावच्या धक्क्यावरून होडी करायची, ती वीस-पंचवीस मिनिटांत तेलोक असामच्या किनाऱ्याला लावते, आणि उद्यानाचं कार्यालय तिथेच आहे. होडी कधी सुटणार आणि कुठवर येणार हे पाणी ठरवतं. ओहोटी असली की ती जेट्टीपर्यंत पोहोचत नाही. बूट गळ्यात अडकवून पाण्यातून चालत किनारा गाठायचा. परतीची वेळ नावाडी सकाळीच ठरवून टाकतो, बहुधा दुपारी तीनच्या आसपासची, आणि तिथे घासाघीस चालत नाही. म्हणजे एका दिवसाच्या पाहुण्याच्या हातात उरतात चार-पाच तास, तेही भर उन्हाचे. कोकणातल्या वाचकांसाठी एक सूचना: तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढायचा आपला हिशोब तिथे लावू नका. कुचिंगचं भरतीचं कोष्टक पाहा आणि मगच तारीख नक्की करा.

दुसरी गोष्ट हवेची. राजगडावर दमलात तरी खिंडीत वारा लागतो. बाकोच्या रानात पानही हलत नाही, आणि वाट म्हणजे मुळांचं जाळं. प्रत्येक पाऊल बघून टाकावं लागतं, त्यामुळे तासाला दोन किलोमीटर झाले तरी पुष्कळ. पाणी माणशी दोन लिटर घ्या, त्याच्या खाली नको.

एक रात्र राहा. उद्यानातली निवासस्थानं साधी आहेत आणि लवकर भरतात, म्हणून आरक्षण आधी करा. पहिल्या दिवशी पोहोचून जेवा, झोपा, हवं तर पत्ते खेळा. चार वाजता तेलोक दलिमा किंवा तेलोक पाकूची छोटी वाट धरा. रात्री वनरक्षकांबरोबरची फेरी चुकवू नका. दुसऱ्या दिवशी उजाडताच लिंतांग. निघताना कार्यालयाच्या वहीत नाव आणि वाट लिहायची, परतल्यावर तशी नोंद करायची. हे कंटाळा न करता करा, शोधाशोध त्याच वहीवरून होते. झाडांवर प्रत्येक वाटेच्या रंगाचे पट्टे आहेत, त्यामुळे वाट चुकायला खास प्रयत्न करावे लागतील.

लिंतांगच कशाला, तर ती एकाच फेरीत बाकोतली निरनिराळी राने दाखवते. चढ संपला की झाडं एकदम बुटकी होतात, पायाखाली पांढरट वाळू आणि उघडा वालुकाश्म येतो. ज्यांनी कास पाहिलंय त्यांना इथे ओळखीचं वाटेल. कासच्या कातळावर मातीत कस नाही म्हणून दवबिंदू आणि सीतेची आसवं किडे खाऊन नत्र मिळवतात. बाकोच्या पठारावर तेच काम घटपर्णी करते. वाटेच्या कडेला वाकून बघा. पानाचं टोक लांबून दोरीसारखं खाली येतं आणि त्याला तळाशी घट लागतो. घटाची कड चकचकीत आणि निसरडी, आत बोटभर पाणी आणि त्यात मुंग्यांचा काळा गाळ. वरचं झाकण सापळ्यासारखं मिटत नाही, ते बहुतेक पावसापुरतंच आहे. किडा कडेवरून घसरून पडतो, एवढंच. जमिनीलगत गुडगुडीत घटांचे झुबके दिसले तर ती दुसरी जात: तिच्या घटांची तोंडं उघडी असतात आणि ती वरून गळणाऱ्या पालापाचोळ्यावरही गुजराण करते. बोट घालून बघण्याचा मोह आवरा. तुमच्यामागून येणाऱ्या प्रत्येकाने बोट घातलं तर घट राहणार नाहीत.

प्रश्न: वय ६४, डाव्या गुडघ्याची तक्रार. मुलगा सिंगापूरला असतो, तो बाकोला नेतो म्हणतो. मी नुसती होडीत बसून परत यायचं का? (सांगली)

मुळीच नाही. बाकोतलं सर्वांत चांगलं दृश्य सपाटीवरचं आहे. कार्यालयाजवळ खारफुटीतून लाकडी फळ्यांचा रस्ता केलाय. ओहोटीला त्यावर उभ्या राहा आणि खाली चिखलात बघा: निवट्या गालफडं फुगवून, परांवर रेलून उड्या मारत असतात, आणि एकच नांगी मोठी असलेल्या कुर्ल्या ती नांगी हलवत बसलेल्या असतात. संध्याकाळकडे लांबनाकी माकडं खारफुटीची कोवळी पानं खायला येतात. ही माकडं फक्त बोर्निओ बेटावर आणि त्याच्या लगतच्या छोट्या बेटांवर सापडतात. आधी ऐकू येतो नाकातून काढलेला हेल, मग फांदी वाकते. नराचं नाक खाली ओठांवर लोंबतं, पोट सुटलेलं, शेपूट पांढरी. पंगतीत आग्रह न करता जेवणाऱ्या काकांसारखा तो एकाच फांदीवर तासभर बसून खातो. पोट मोठं असायला कारण आहे: पानं पचवायला त्याच्या जठराचे कप्पे आहेत, आणि पिकलेली गोड फळं त्याला बाधतात.

तेलोक पांदान कचिलचा किनारा मात्र मुलाला एकट्याला पाहू दे. अंतर अडीच किलोमीटरच्या आसपास, पण शेवटचा उतार तुमच्या गुडघ्याला मानवणार नाही. किनारा बघायचाच असेल तर होडीने जा. आधी सांगून ठेवलं तर नावाडी तिथे नेतात, आणि जाता जाता लाटांनी कोरलेले वालुकाश्माचे कडे जवळून दिसतात, जे चालणाऱ्यांना दिसतच नाहीत.

प्रश्न: आम्ही शुद्ध शाकाहारी. तिथे उपास घडेल का? (बोरिवली)

उपास घडणार नाही, फसगत घडू शकते. उद्यानाच्या कँटीनमध्ये भात आणि परतलेल्या भाज्या मिळतात. पण सारावाकमध्ये पालेभाजी म्हटली की त्यात बलाचान पडतं, म्हणजे आंबवलेल्या करंदीचा गोळा. तो दिसत नाही, वास मात्र सुकटीच्या डब्याची आठवण करून देतो. ‘ताक माऊ बलाचान’ (बलाचान नको) हे वाक्य पाठ करा आणि भाजी करायच्या आधी सांगा. कांगकोंग दिसली तर ती आपली नाळीची भाजी. मिदिन हे नेच्याचे कोवळे कोंब. लसूण घालून परतलेले मला मेथीपेक्षा आवडतात, हे माझ्या सासूबाईंना कळवू नये.

घरून दशम्या, चटणी जरूर न्या, पण हातात प्लॅस्टिकची पिशवी धरून फिरू नका. तिथली लांब शेपटीची माकडं पिशवीचा आवाज ओळखतात. खोलीच्या दाराला कडी, खिडकीलाही. माकडाकडे बघून हसू नका, दात दाखवणं त्यांना धमकी वाटू शकते.

प्रश्न: शिक्षिका असल्याने सुट्टी दिवाळीत किंवा मेमध्ये. कोणती बरी? (कोल्हापूर)

मे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे ईशान्य मोसमी वाऱ्यांचा काळ; समुद्र खवळलेला असला की होड्या सुटत नाहीत आणि तुम्ही कुचिंगच्या हॉटेलात पाऊस बघत बसता. अर्थात, बसायला हरकत नाही: १८५५ च्या फेब्रुवारीत इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस याच पावसात, बाकोसमोरच्या सांतुबोंग डोंगराच्या पायथ्याशी बसून होता, आणि नवी जात आधीच्या जवळच्या जातीलगतच उद्भवते असं मांडणारा निबंध त्याने तिथे लिहिला. तुमच्या सुट्टीत एवढं काही होण्याची शक्यता कमी, म्हणून मे.

विमान क्वालालंपूरहून बदललं तरी सारावाकमध्ये उतरल्यावर पासपोर्ट पुन्हा दाखवावा लागतो. तो सामानात खाली कोंबू नका.

प्रश्न: रात्रीच्या फेरीत साप दिसतो का? मुलगा नऊ वर्षांचा आहे. (ठाणे)

सापासाठी रात्रीची वाट बघायची गरज नाही. वॅग्लरचा म्हणून दाखवला जाणारा चापडा कार्यालयाच्या आसपासच्या झाडांवर दिवसाही वेटोळं घालून बसलेला असतो, हिरवा-पिवळा, तासन् तास न हलता. विषारी आहे; दाखवा, पण हाताच्या अंतरात जाऊ देऊ नका, आणि फांदी न बघता धरायची नाही हे मुलाला होडीतच सांगून ठेवा. रात्री तो शिकारीला हलतो. विजेरी प्रत्येकाची वेगळी असू दे. नशीब असेल तर खोडाला चिकटलेला, कातडीची झालर पसरून तरंगत जाणारा कोलुगो हा सस्तन प्राणी दिसेल.

प्रश्न: एवढा सुंदर किनारा, पोहायला चालेल ना? (पुणे)

नाही. खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत.