'नील ऑफ द नेव्ही' ही १९१५ ची मूक साहसमालिका यूट्यूबवर सापडत नाही. आज ती कुठे पाहायला मिळेल?

पाहायला कुठेच मिळणार नाही. यूट्यूबवर सापडत नाही म्हणून तुम्ही विचारलंय, पण ही मालिका हरवलेल्या मूकपटांतच धरली जाते. वाचायला मात्र मिळते, आणि तीही फुकट!

अमेरिकन आरमारातल्या खलाशाची ही गोष्ट पाथे या चित्रपट कंपनीसाठी कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या बाल्बोआ स्टुडिओने चौदा भागांत काढली. नायक विल्यम कोर्टली ज्युनियर, नायिका न्यूयॉर्कचे नाट्यनिर्माते झीगफेल्ड यांच्या रंगमंचावर गाजलेली लिलियन लॉरेन. सुरुवातच ज्वालामुखीने होते. १९०२ मध्ये मार्टिनिक बेटावर माँ पेले हा ज्वालामुखी खरोखरच फुटला आणि सें-पिएर शहर काही मिनिटांत बेचिराख झालं. सुमारे २८ हजार माणसं गेली. गोष्टीत त्यातून वाचलेली चिमुरडी ॲनेट, तिच्याकडचा हरवलेल्या बेटाचा नकाशा आणि त्यावर टपलेले बदमाश. नीलचा अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीतला प्रवेश कारस्थानामुळे हुकतो, तरी तो साधा खलाशी म्हणून भरती होतो. मला नीलचं हेच आवडतं. नायक असूनही तो डेकवर राबतो.

मग एवढं सगळं गेलं कुठे? बाल्बोआचं दिवाळं १९१८ मध्येच निघालं, म्हणजे जपायला घरचं कुणी उरलं नाही. मालिकांच्या प्रती गावोगाव फिरून झिजायच्या. नायट्रेटची फिल्म पेट घेणारी, ठेवायला धोक्याची. बोलपट आल्यावर तर असल्या जुन्या रिळांतली चांदी काढून घ्यायचे. अमेरिकेच्या मूक कथापटांपैकी जेमतेम १४ टक्के मूळ रूपात उरलेत. आपल्याकडे याहून वाईट अवस्था. हजाराहून जास्त मूकपट निघाले, त्यातले पुण्याच्या चित्रपट संग्रहालयासारख्या ठिकाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच धड उरले. याचं मला फार वाईट वाटतं.

तरी आशा सोडू नका. कॅनडातल्या डॉसन सिटीत १९७८ मध्ये खोदकामात पाचशेवर रिळं निघाली. ते गाव चित्रपट-वितरणाच्या साखळीत अगदी टोकाला. रिळं परत पाठवायचा खर्च कोण करणार, म्हणून ती तिथेच पडून राहिली आणि पुढे जुन्या पोहण्याच्या तलावात पुरली गेली. बर्फाळ जमिनीने ती सांभाळली.

आता वाचायचं कसं ते सांगतो. तेव्हा पडद्यावर भाग लागायचा त्याच सुमारास वर्तमानपत्रांत त्याची कादंबरी क्रमशः छापून यायची. हिची विल्यम हॅमिल्टन ऑस्बॉर्न यांनी लिहिली. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या 'क्रॉनिकलिंग अमेरिका' या संग्रहात मालिकेचं नाव इंग्रजीत (Neal of the Navy) टाका आणि वर्ष १९१५ ठेवा. एकाच वर्तमानपत्राचे अंक धरून पुढे जा. शोधात एखादं प्रकरण आलं नाही तर पुढच्या आठवड्याचा अंक पानं उलटून बघा, कारण जुनी छपाई पुसट असल्याने शब्द नीट ओळखले जात नाहीत.